दोन ताटं आणि एक आंबट बाटली

कोकणात जाऊन आलेल्या माणसानं समुद्राबद्दल बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मीही बोलेन, पण आधी एका बाटलीबद्दल सांगायला हवं, कारण तोंडवलीतल्या तीन दिवसांत मी समुद्रापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत बसलो होतो.

बाटली वाईनची. आमच्या घराण्यात दारूचा इतिहास फार छोटा आहे. एका काकांनी एकदा बियर घेतली होती आणि ती गोष्ट अजून लग्नकार्यात निघते. तेव्हा माझी बायको सुनीता मागच्या वर्षी एकदम म्हणाली, "अहो, एकदा समुद्राच्या काठी बसून वाईन प्यायचीय. एकदाच. कशी लागते ते बघायचंय." मी दचकून तिच्याकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती.

लग्नाला तीस वर्षं होणार होती. म्हटलं, होऊन जाऊ दे. तोंडवलीला एका घरगुती मुक्कामी दोघांचं बुकिंग करून टाकलं, जानेवारीतलं. त्याआधी सुनीता मुलीच्या, मधुराच्या बाळंतपणाला टोरांटोला गेली, सहा महिन्यांसाठी. सहाचे आठ झाले. डिसेंबरचं तिकीट फेब्रुवारीवर गेलं. आणि मी निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "मधुराची रजा संपतेय. बाळाला पाळणाघरात ठेवायचं तिच्या जिवावर आलंय. आणखी सहा महिने राहू का? रविवारपर्यंत तारीख बदलून घ्यावी लागेल. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "बघू."

तीस वर्षांच्या संसारात या एका शब्दावर मी फार मोठमोठे प्रश्न टोलवले आहेत. पण या वेळी रविवार ठरलेला होता. तोवर 'रहा' किंवा 'ये' यातलं एक काहीतरी बोलायचं होतं. 'रहा' म्हणणं सोपं होतं. 'ये' म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे मी. छप्पन्न वर्षांच्या माणसानं सहा महिन्यांच्या नातवाशी स्पर्धा करायची, हे काही बरं दिसत नव्हतं.

म्हणून मी विचार करायला एकटाच कोकणात निघालो. दोघांच्या बुकिंगवर.

कुणकेश्वर, जिथे जायचं नव्हतं

कऱ्हाडहून पहाटे गाडी काढली. कोल्हापुरात वाईनच्या दुकानात शिरलो तेव्हा आपल्याला कुणी विद्यार्थी बघेल या भीतीनं मी सगळ्यात जवळची बाटली उचलली. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाला गावोगाव विद्यार्थी असतात. गाडीत बसल्यावर लेबल वाचलं. मागच्या बाजूला काळ्या मनुका, चॉकलेट आणि ओकचं लाकूड यांचा उल्लेख होता. किंमत बघता यातलं लाकूड तेवढं खरं असावं असं वाटलं.

गगनबावड्याचा घाट उतरून तळेऱ्याला आलो. आमच्या गाडीत रस्ता बघायचं काम सुनीताचं. ती मोबाइलवर बघत नाही, माणसांना विचारते. काच खाली करून "दादा, मालवणकडे कुठनं?" असं इतक्या गोड आवाजात विचारते, की दादा दोन पावलं गाडीबरोबर चालत येतात. या वेळी काच खाली झाली नाही. तळेऱ्याला रस्ता देवगडकडे फुटतो, तिथे मी ऐटीत वळलो आणि तासाभरानं थेट कुणकेश्वरच्या देवळापुढे येऊन थांबलो.

आता आलोच आहोत तर दर्शन घेऊ, म्हणून उतरलो. देऊळ असं समुद्राला खेटून उभं आहे, की घंटेचा आवाज आणि लाटेचा आवाज एकमेकांत शिरतात. बाहेर नारळ विकणाऱ्या बाईनं विचारलं, "जोडीचे दोन देऊ?" मी एक घेतला. मग उगीच वाटलं आणि परत जाऊन दुसराही घेतला. तो अजून गाडीच्या डिकीत आहे.

तिथून मिठबाव, आचरा करत खाडीवरच्या पुलांवरून तोंडवलीला पोचलो. वाट चुकल्याचा फायदा असा झाला, की सगळा रस्ता समुद्र बरोबर होता. तोटा असा, की "तो बघ" म्हणायला बाजूच्या सीटवर बाटली होती.

शुक्रवार

घर सुरूच्या बनाच्या अलीकडे, माडांच्या बागेत. घरात दोनच माणसं, यशोदाकाकी आणि बाबलकाका. काकी सत्तरीला आलेल्या, ताठ. काका बोटीवर आचारी होते, सव्वीस वर्षं जगभर फिरले आणि आता अंगणात बसून विणलेलं जाळं उसवतात, उसवलेलं विणतात.

"येवा, येवा," काकी म्हणाल्या आणि माझ्या मागे बघत विचारलं, "वैनी खंय?"

खरं सांगायला काय हरकत होती? पण माझ्या तोंडून निघालं, "ती मागून येतेय. संध्याकाळपर्यंत."

का बोललो असेन? एकट्या माणसाकडे लोक जरा जास्त वेळ बघतात, ते मला नको होतं. पण खोट्याचं एक असतं, ते जेवायच्या वेळेला समोर येतं. संध्याकाळी पडवीत दोन ताटं मांडलेली. दोन्हीकडे बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी.

"वैनी येतली तर ताट तयार होया," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

वैनी आल्या नाहीत. ताट परत जाणं बरं दिसेना, म्हणून मी दीड ताट खाल्लं. उरलेलं अर्धं मांजरानं. आम्ही घाटावरचे लोक पाहुण्याला आग्रह करून करून वाढतो. इथे आग्रह नाही. नुसतं वाढून ठेवतात आणि तुमच्यावर सोडतात. ते जास्त अवघड असतं.

त्याआधी मी समुद्रावर जाऊन आलो होतो. स्टीलच्या फुलपात्रात वाईन ओतली. सूर्य बुडत होता, वारा होता, सगळं सिनेमातल्यासारखं. पहिला घोट घेतला. दोन दिवसांच्या ताकात शाईची दौत उपडी केली, तर जे होईल ते तोंडात झालं. दुसरा घोट खात्री करायला घेतला. खात्री झाली.

तेवढ्यात सुनीताचा फोन. तिकडे सकाळ, मागे बाळ काहीतरी आपटत होतं.

"पोचलात? कसं आहे?"

"मस्त. एकदम मस्त."

"वाईन घेतली?"

"घेतली. फार छान आहे गं."

"बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे तुमचं ठीक चाललंय."

"उत्तम."

फोन ठेवला आणि फुलपात्र वाळूत ओतलं. बाटलीला टोपण लावून परत आलो.

शनिवार

सकाळी बाबलकाकांनी माझ्या हातातली बाटली बघितली. बोटीवरचा माणूस, त्यांनी नुसतं टोपण फिरवून वास घेतला.

"पावण्यानु, ह्या उन्हात ठेवलास?"

"गाडीत होती."

"मेलीचो कढो झालो," ते म्हणाले. "थंड करा. थंडपणात वायटपणा लपता."

फ्रिज माशांनी भरलेला. तेव्हा काकांनी बाटलीच्या गळ्याला सुंभ बांधलं आणि ती विहिरीत सोडली. आमच्याकडे विहिरीत मोटर सोडतात. दिवसभर मी चार वेळा विहिरीत डोकावून आलो. नातवाच्या पाळण्याशी जायचं माझं वय, आणि मी बाटलीला बघायला जात होतो.

काकींनी विचारलं, "वैनी आज येतली?"

"गाडी चुकली तिची. उद्या."

"बरा," काकी म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही. दुपारी पुन्हा दोन ताटं. शनिवार म्हणून मासे नाहीत. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. वडे मोजून बारा. मी नऊ खाल्ले आणि दुपारभर उताणा पडून माडाच्या झावळ्या बघितल्या.

संध्याकाळी बाटली वर काढली. लेबल विहिरीतच राहिलं होतं, मनुका आणि चॉकलेटसकट. पण काकांचं खरं होतं. गार वाईनमध्ये आंबटपणा लगेच कळत नव्हता, घोट उतरल्यावर सावकाश कळत होता. मला हुरूप आला. सुधारणा करण्याची आमच्या ऑफिसात मोठी हौस असे. स्वयंपाकघराच्या फळीवर कोकमाची लालभडक बाटली दिसली. सरबत असणार, गोड असणार! काकींना न विचारता मी त्यातलं चांगलं दोन पळ्या फुलपात्रात घातलं आणि एक मोठा घोट घेतला.

ते आगळ होतं. सोलकढीसाठी मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस. माझ्या तोंडात समुद्र आणि द्राक्षं एकदम आली.

माझा आवाज ऐकून काकी बाहेर धावल्या. फुलपात्र बघितलं, फळी बघितली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगळ घातलात? शनवारचा पिलात, वर आगळ घातलात! घाटी तो घाटीच."

पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की काकांना आतून यावं लागलं. मीही हसलो. फार दिवसांनी हसलो.

सातला फोन आला. "काय, काय करताय?" मी म्हणालो, "मजा." आगळाची गोष्ट सांगितली असती तर सुनीता लोळून हसली असती. पण मग विहीर सांगावी लागली असती, मग ती वाईट वाईन, मग ती दोन ताटं. म्हणून नाही सांगितली. एका खोट्यापायी एवढी चांगली गोष्ट वाया गेली.

"उद्या रविवार," ती म्हणाली.

"हो. उद्या सांगतो."

रविवार

दुपारी जेवायला बोलावलं. पडवीत गेलो तर एकच ताट.

भरलेलं पापलेट, भात, कढी. सगळं होतं. पण एकच. मी उभाच राहिलो. गेले दोन दिवस त्या दुसऱ्या ताटाचं मला ओझं झालं होतं, आणि आज ते नव्हतं तर पाय उचलेना.

"बस," काकी म्हणाल्या. तुम्ही-आम्ही संपलं होतं. "जेव आदी."

"काकी, ती..."

"माका पयल्याच दिसा कळला. बायको येवची आसली तर माणूस रस्त्याकडे बघता. तू समुद्राकडे बघी होतंस."

"मग दोन दिवस ताट कशाला मांडलंत?"

"तू बोलशीत म्हणान. तू खाईत रवलंस, बोललंस नाय. आज म्हटलंय, पोट फुटून मरात मेलो."

मग मी जेवता जेवता सगळं सांगितलं. टोरांटो, बाळ, तिकीट, रविवार. 'बघू' हा शब्दसुद्धा सांगितला. काकी भात वाढत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी अंगणात जाळं विणत बसलेल्या काकांकडे हात केला.

"ह्यो बोटीर होतो. सव्वीस वर्सां. मी पत्र लिवलंय, सगळा बरा आसा. पावसात पडवी पडली, लिवलंय, सगळा बरा आसा. सासू गेली, ता कळवचाच पडला. पण खाली लिवलंय, काळजी नको, सगळा बरा आसा. ह्येका वाटला, हंय कोणाचा काय अडणा नाय. दर खेपेक नव्या बोटीर सही करून मोकळो."

अंगणातून काकांचा आवाज आला, "एकदा तरी 'ये' म्हणान लिवचा होता!"

"आणि तू एकदा तरी इचारूचा होता!"

"इचारूचा काय? लिवलेला खरा मानलंय."

हे भांडण त्यांचं बरंच जुनं असावं. कारण दोघांनाही पुढची वाक्यं पाठ होती आणि दोघांनीही ती बोलायचं टाळलं. काकींनी माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "सव्वीस वर्सां गेली. आता दिसभर समोर बसता. पण तेव्हाचो तो आता खंय मिळतलो?"

दिवस कलायला लागला तसे काका उठले. "तुझी ती बाटली हाड. आज ती शिजवूया. पण आदी राखणदाराक." मी बाटली आणली.

बागेच्या शिवेवर वडाच्या मुळाशी जांभ्याचा एक दगड आहे. त्या जागेचा राखणदार तिथे असतो, असं मानतात. कुणी बाटली आणली तर पहिलं टोपणभर त्याचं. मी दोन दिवस त्याला न विचारता पीत होतो. काकांच्या मते वाईन आंबट लागायला तेवढं कारण पुरेसं होतं.

काकांनी डोक्याला पंचा गुंडाळला, टोपणात वाईन घेतली आणि मोठ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे एकानं देवापुढे सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. बाकीच्या म्हणजे काकी.

"हे बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो श्रीकांत कऱ्हाडसून तुझ्या शिवेत इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"दोन दिस तुका न इचारता तुझ्या जाग्यात पिऊन बसलो. घाटी माणूस, तेका कळणा नाय. ती चूक पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

काका थांबले. माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मागणा काय ता सांग. हंय खोटा चालणा नाय."

मी म्हणालो, "काही नाही. सगळं ठीक चाललंय."

"सगळा ठीक आसा तर तेका उठवलंस कित्याक?" काकी कडाडल्या.

समोर एक दगड, दोन म्हातारी माणसं, आणि पलीकडे सुरूच्या झाडांतून येणारा वारा. आणखी ऐकणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "ती येणार नव्हतीच. मी एकटाच आलोय. घरी पण एकटाच असतो. रोज दोन कप चहा टाकतो, सवयीनं. एक सिंकमध्ये ओततो. मुलीची अडचण कळते मला. पण तिनं यावं असं वाटतं."

काकांनी मान डोलावली. माझ्या त्या अडखळत्या बोलण्याचं त्यांनी तिथल्या तिथे देवाला कळेल असं केलं.

"हे बा म्हाराजा, ह्येचा घर रिकामा झाला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येची घरवाली लेकीसाठी परमुलखात रवली आसा. त्या लेकीची सोय लाव, नातवाक बरा ठेव, आणि तिका सुखरूप घराक हाड..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या मेल्याक तोंड दिलंस, तसा खरा बोलूची बुद्धी पण दी..."

"व्हय म्हाराजा!" हा होकार आचऱ्यापर्यंत गेला असेल.

"पुढच्या खेपेक जोडीन येतले, तुका बरी बाटली हाडतले..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी माझाही आवाज त्यात होता.

मग चुलीवर टोप चढला. कुणाला अशी बाटली पदरी पडली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. उरलेली वाईन टोपात ओतायची. दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, संत्र्याची साल, वर जायफळ किसून. गूळ चाखत चाखत घालायचा. आच मंद. "उकळी येवची नाय," काका टोपावर नजर ठेवून सांगत होते. "वाफ सुटली की उतरव. बोटीर नाताळात आमी असोच करू. कप्तान म्हणा होतो, ही वाईन खंयची? मी म्हणा होतंय, मोठ्या किमतीची." बरोबर भाजलेले खारे काजू. आधी खारट चावायचं, मग घोट घ्यायचा.

मी घोट घेतला. तीच वाईन. आंबटपणा गेला नव्हता, पण आता त्याला सोबत होती. काकींनीही बशीत ओतून दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "खोकल्याक बरा आसा."

सातला फोन वाजला. मी पेला घेऊन पायरीवर बसलो. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"काय ठरवलंत?" सुनीतानं विचारलं.

"वाईन वाईट आहे," मी म्हणालो.

"काय?"

"परवा छान म्हणालो, ते खोटं होतं. भयंकर आहे. मी त्यात आगळ घातलं. इथे दोन ताटं मांडत होते, तू येणार असं मी सांगितलं होतं म्हणून. मी दोन्ही खात होतो. सुनीता, माझं काही ठीक चाललेलं नाही. तू ये."

पलीकडे तिनं बाळाला मधुराकडे दिल्याचं ऐकू आलं.

मग ती म्हणाली, "तीनदा विचारलं मी तुम्हाला. दिवाळीत विचारलं, डिसेंबरात विचारलं, परवा विचारलं. दर वेळी तुम्ही म्हणालात, मजेत आहे. मला वाटलं, तुम्हाला एकटं बरं वाटायला लागलंय."

मी पेला पायरीवर ठेवला.

"मधुराशी बोलते," ती म्हणाली. आणि ठेवता ठेवता म्हणाली, "थोडी शिल्लक ठेवा ती. मला बघायचीय, किती वाईट आहे."

कऱ्हाड

सोमवारी निघताना काकींनी आगळाची बाटली दिली. त्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'खारट आसा'. तळेऱ्याला मी काच खाली केली आणि एका दादांना रस्ता विचारला. माझा आवाज तिच्याइतका गोड नाही. दादा जागचे हलले नाहीत, पण रस्ता बरोबर सांगितला.

घर होतं तसंच होतं. दाराशी चार दिवसांची वर्तमानपत्रं. टोपातली उरलेली चार बोटं वाईन काकांनी गाळून परत बाटलीत भरून दिली होती, ती फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवली. ते बजावून म्हणाले होते, आठवड्यात तिचा व्हिनेगर होईल. होऊ दे. मी तिला हात लावलेला नाही.

मंगळवार गेला, फोन नाही. बुधवारी सकाळी चहा टाकला. पुन्हा दोन कप झाला. दुसरा कप सिंकपाशी नेला आणि तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल थरथरला. सुनीताचा मेसेज होता. तीनच शब्द.

'तारीख बदलली नाही.'

वाचून आजूबाजूला बघितलं. सांगायला घरात कुणीच नव्हतं. फेब्रुवारीला अजून तीन आठवडे होते. कप हातात तसाच होता. मी मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा," आणि तो दुसरा चहाही पिऊन टाकला.